भोंगा वाजवायचा नाही

पहिली बॅटरीची स्कूटर मी दगडाने ठेचली. मे महिना, दुपारचा एक, भुसावळ-जळगाव रस्ता, नशिराबादच्या अलीकडे. पडद्यावर चार्जिंगच्या तीन कांड्या दिसत होत्या आणि त्या दिसत असतानाच ती बंद पडली. पाऊण किलोमीटर ढकलली. आत शिशाच्या जड बॅटऱ्या, वर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि माझं वय सत्तर. मग लाथ मारली. अंगठ्याचं नख उलटलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, माझी अंगठ्यातून गेली. रस्त्याकडेचा दगड उचलला आणि आधी दिवा फोडला, मग तो खोटारडा पडदा, मग पुढचा मडगार्ड. मोटरसायकलवरून जाणारा एक जण थांबला. म्हणाला, "काका, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "समजावतोय."

तेव्हा हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी शांत म्हातारा नाही. माझ्या वयाची माणसं सकाळी बागेत टाळ्या वाजवून हसतात, त्यांच्याकडे बघूनसुद्धा माझं डोकं फिरतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मी अजून जिता आहे.

तेहेतीस वर्षं मी रेल्वेचं इंजिन चालवलं. आधी मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी मेल. सगळी विजेची इंजिनं. पाच हजार घोड्यांची ताकद हाताखाली असलेला माणूस, त्याला निवृत्तीनंतर डॉक्टर म्हणाले की मोटरसायकलला किक मारायची नाही, कंबर गेली. म्हणून ती पहिली गाडी घेतली होती, लायसनसुद्धा न लागणारी. पंचवीसच्या वर पळत नसे. सायकलवाले मला ओलांडून जायचे आणि ओलांडल्यावर वळून बघायचे. दगड खाण्याआधीच मी तिच्यावर वर्षभर दात खाऊन होतो.

दुसरी घेतली ती खरी गाडी. मूठ पिळली की मागून कोणीतरी ढकललं असं वाटावं, इतकी जोरात सुटते. विजेच्या इंजिनाचं हेच तर सुख होतं. धडधड नाही, धूर नाही, आतून एक बारीक गुणगुण, आणि पहिल्या क्षणापासून सगळी ताकद हजर. निवृत्तीनंतर मी याच गोष्टीला मुकलो होतो, हे मला गाडीवर बसल्यावर कळलं. पहिल्या सकाळी तापीच्या पुलावरून पलीकडे गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. यावलच्या रस्त्याला केळीच्या बागांमधून थंड हवा अंगावर येते आणि ठिबकच्या नळ्या कुठे गळत असतील तर त्याचाही आवाज ऐकू येतो. मोटरसायकलवर हे कधी कळलं नव्हतं. लांबवर सिग्नल दिसावा तसं एखादं झाड दिसलं की मी आपसूक ओरडायचो, "हिरवा!" इंजिनात शेजारी असिस्टंट असायचा, तोही ओरडायचा, "हिरवा!" आता उत्तर कोणी देत नसे, पण मला चालायचं.

एकच गोची होती. ही गाडी कोणाला ऐकूच येत नसे.

भुसावळच्या बाजारात एक जण पान थुंकायला मागे सरकला तो थेट माझ्या चाकावर. वर मलाच म्हणतो, "आवाज नाही का गाडीला? भुतासारखे येता!" मी खाली उतरून त्याच्या कानाखाली आवाज काढला. त्यानेही उसनं ठेवलं नाही. टोमॅटोवाल्या बाईच्या ढिगात आम्ही दोघे पडलो, ती तराजूचं वजन घेऊन उठली तेव्हा कुठे सुटलो. त्याच दुपारी मी मिस्त्रीकडे गेलो आणि ट्रकचा भोंगा बसवायला सांगितला. मिस्त्री स्टेशनमागच्या गल्लीत बसतो, मुसलमान आहे, माझ्या सगळ्या गाड्या त्याच्याच हातून गेल्या. ठेचलेली गाडीसुद्धा त्यानेच भंगारात घातली होती, काही न विचारता. तो म्हणाला, "काका, भोंगेसे रस्ता खाली नहीं होता. हँडल मारना पडता है."

मी म्हणालो, "तू भोंगा बसव."

भोंगा बसला. मग एका गावात कोंबडी मेली. लांबून दिसत होती, मी लांबूनच भोंगा दिला, ब्रेक दाबला आणि तिच्यावरूनच गेलो. मालकाने गचांडी धरली. मी म्हणालो, भोंगा वाजवला होता मी. तो म्हणाला, "कोंबडीले काय समजस भोंगा?" याला मला उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही की मी शिव्या देतो, तशा दिल्या.

या सगळ्यात बायको गाडीवर बसत नव्हती.

तिचं कारण समजायला इंजिनातली एक गोष्ट सांगावी लागेल. इंजिनाला वळता येत नाही. रूळ कुठे न्यायचा ते स्टेशनाजवळच्या सिग्नल केबिनमधला माणूस ठरवतो. चालवणाऱ्याच्या हातात पुढे कोणी आलं तर दोनच गोष्टी, भोंगा आणि ब्रेक. ब्रेक लावला तरी गाडी अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे जाऊन थांबते. त्यामुळे तेहेतीस वर्षांत माझ्या इंजिनाखाली माणसं आली. काही मरायलाच आलेली होती. काही घाईत होती, काही बकऱ्यांमागे आलेली. त्याचा एक आवाज असतो. तो कसा असतो ते लिहीत नाही. त्यानंतर खाली उतरून बघायचं, काय उरलं ते बाजूला घ्यायला मदत करायची, पुढच्या स्टेशनला कागद द्यायचा आणि गाडी पुढे न्यायची. उशीर झाला म्हणून डब्यातले लोक शिव्या देत असायचे.

घरी आलो की माझ्या तोंडावरूनच तिला कळायचं. ती मला आत येऊ देत नसे. क्वार्टरच्या अंगणात पाण्याची बादली आणून ठेवायची आणि कडुलिंबाची डहाळी. मसणातून आलेल्या माणसाने घरात पाय टाकण्याआधी आंघोळ करायची, पाला चावायचा, तसं. शेजारणी विचारायच्या, "त्यांचा कोण लागत होता तो, एवढं सुतक पाळायला?" ती म्हणायची, "शेवटचं यांनीच तर पाहिलं त्याला." अशा किती आंघोळी झाल्या ते मी मोजलं नाही. तिने मोजलं असावं. आणि थंड पाण्याखाली बसून मी दर वेळी तिला एकच सांगायचो, "भोंगा ऐकू येत होता त्याला. ऐकून तिथेच उभा राहिला, मूर्ख." खरोखर, बरेच जण उभेच राहायचे. पळायला जागा असून उभे राहायचे. त्याचा मला भयंकर राग यायचा. त्या रागावरच मी नोकरी पुरी केली.

तर बायको म्हणाली, "तुम्ही गाडी वळवत नाही."

"म्हणजे?"

"मी फाटकातून बघते ना. रस्त्यात गाय बसली असली तर ती उठेपर्यंत तुम्ही भोंगा वाजवत राहता. बाजूने जा की."

"गायीला उठायला काय होतं?"

"हेच. वळायला शिका, मग बसेन."

मला बसायला हवी होती ती. त्याला कारण आखाजी. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, लग्न झालेल्या बाया दोन दिवस पोरी होतात. हिचं माहेर चोपड्याकडे, भुसावळहून साठेक किलोमीटर. लग्न झाल्यापासून माझ्या ड्युटीपायी हिच्या कितीतरी आखाज्या क्वार्टरमध्ये गेल्या. सणाला सुट्टी मागायला जायचो आणि साहेबाशी भांडून ड्युटी घेऊन यायचो. आता माहेरी एक थोरली बहीण उरली आहे, आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्का दरवर्षी फोनवर म्हणते की ही माझी शेवटची आखाजी. या वर्षी तिचा आवाज ऐकून आम्हालाही ते खरं वाटलं. फोन ठेवल्यावर ही बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मी म्हणालो, "या आखाजीला तुला मी नेतो. माझ्या गाडीवर. बसबिस काही नाही."

अट तिने सांगून ठेवलेलीच होती.

आखाजीला पंधरा दिवस होते. एवढ्या अंतराला बॅटरी पुरते का, ते बघायला मी एकटा निघालो. सकाळी सहाला निघून यावल मागे टाकलं. रस्ता मोकळा, पडद्यावर सत्तर टक्के. मी गाणं म्हणत होतो. चोपड्याच्या अलीकडे एका बागेत केळीची कापणी चालली होती. रस्त्याच्या उजवीकडे ट्रक उभा, डावीकडे बाग, आणि मजूर खांद्यावर घड घेऊन रस्ता ओलांडत होते. त्यातला एक, माझ्याच वयाचा, रस्त्याच्या मधोमध होता.

मी भोंगा दिला.

तो थांबला. तिथेच, मधोमध. मी ब्रेक दाबला, अंगठा भोंग्यावर तसाच आणि गाडी सरळ. त्याच्या मागे निम्मा रस्ता रिकामा होता. बैलगाडी निघाली असती एवढा रिकामा. मला तो दिसत होता. मी तिकडे बघतसुद्धा होतो. पण तो रस्ता आपला आहे, असं माझ्या हातांना वाटलंच नाही. मला एवढंच आठवतं की मी ओरडत होतो, "हट! हट!" आणि मग तो आवाज आला. फक्त या वेळी तो माझ्या अंगात आला.

घड फुटला, हिरवी केळी रस्ताभर. गाडी त्याच्या पायावर आणि मी गाडीवर. उठतोय तोवर बागेतून माणसं धावत आली. पहिली लाथ बरगडीत बसली. मग केळीच्या दांड्याने पाठीवर, खांद्यावर, तोंडावर. ओला दांडा लागतो तेव्हा आवाज होत नाही, नुसती आतपर्यंत कळ जाते. एक दात जिभेवर आला. कोणीतरी केस धरून मान वर केली आणि दुसऱ्याने डोळ्यावर बुक्की घातली. एकाच्या हातात घड कापायचा कोयता होता. त्याने तो उलटा करून माझ्या मनगटावर मारला, आणि मला अजून वाटतं की उलटा करायचं त्याला आयत्या वेळी सुचलं. आयुष्यभर मी मारामाऱ्या केल्या, पण त्या दिवशी हात उचलला नाही. आपला हात उचलायचा हक्क गेलाय, एवढं त्या धुमाळीतही कळत होतं.

गाडीवर दगड पडत होते. "पेटाडी द्या रे गाडी!" कोणीतरी ओरडलं. दुसरा ओरडला, "बॅटरी शे तिन्हामा, फुटी जाई, बठ्ठा जळशात!" तेव्हा सगळे गाडीपासून दोन पावलं मागे सरकले, आणि माझ्यापासूनही, कारण मी तिच्या शेजारी पडलेलो होतो.

तेवढ्यात रस्त्यावर पडलेला तो माणूस बोलला. "सोडा रे त्याले. मी मरेल नही."

मजुरांना घेऊन आलेल्या पिकअपमध्ये आम्हा दोघांना घालून चोपड्याला दवाखान्यात नेलं. माझी गाडीही मागे टाकली. तो केळीच्या पानांवर आडवा, पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला, ओठ दाबून धरलेले. मी रक्त थुंकत त्याच्याशेजारी बसलो होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "भाऊ, भोंगा ऐकू आला नाही का तुम्हाला?"

तो म्हणाला, "आयकू उना ना. आयकीसन तर जागावरच हुभा राह्यनू. घड व्हता खांदावर, मान वळे ना. माले वाटनं, गाडीवाला वळी जाई."

गाडीवाला वळून जाईल असं त्याला वाटलं.

भर उन्हाळ्यात, त्या पत्र्याच्या पिकअपमध्ये, माझे दात वाजायला लागले. मला रुळावरचे सगळे आठवले. भोंगा ऐकून उभे राहिलेले. त्यांना मी मूर्ख म्हणत आलो. आपण हललो तर समोरच्याचा अंदाज चुकेल, उभं राहावं, तो वळेल, असं त्यांच्यातल्या कोणाच्या मनात आलं असेल तर? त्यांना काय माहीत, इंजिनाला वळता येत नाही. ते माझ्यावर विसंबून उभे होते आणि मी त्यांना शिव्या देत त्यांच्यावरून गेलो. तेव्हा माझा इलाज नव्हता. पण आज होता. निम्मा रस्ता रिकामा होता.

त्याच्या नळीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. जीवाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो. कोणी मला जा म्हणालं नाही, थांब म्हणालं नाही.

संध्याकाळी त्याच पिकअपने मला घरी सोडलं. रस्त्यावर कोणीतरी माझा फोन उचलून शेवटचा नंबर लावला होता आणि सांगितलं होतं, "तुमच्या माणसाने माणूस उडवला." एवढंच सांगून ठेवून दिला होता. ही फाटकात उभी होती. निवृत्त झाल्यापासून न दिसलेली ती निळी बादली अंगणात भरून ठेवलेली, वर कडुलिंबाची डहाळी.

माझा डोळा बंद झाला होता, सदरा फाटला होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"गेला?"

"नाही. पाय मोडला."

बादली दोन्ही हातांनी उचलून तिने माझ्या तोंडावर फेकली, पाण्यासकट. पाणी अंगावर आणि बादली छातीवर. मग मग्गा उचलून मारायला लागली. खांद्यावर, डोक्यावर, जिथे दांडे लागले होते तिथेच. पन्नास वर्षांच्या संसारात तिने हात उचलला नव्हता. चिडली की ती माहेरच्या बोलीवर येते. "वळाले काय व्हयनं व्हतं तुमले? वळाले काय व्हयनं व्हतं?" मग्ग्याचा कान तुटून तिच्या हातात राहिला तेव्हा थांबली.

"मला वळता येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. मग त्या माणसाने पिकअपमध्ये काय सांगितलं, तेही सांगितलं. ती पायरीवर बसली आणि तोंडात पदर घालून रडली. मीही रडलो. दात पडलेल्या तोंडाने रडताना वाईट आवाज येतो.

मिस्त्रीने आठ दिवसांत गाडी उभी केली. या वेळीही त्याने काही विचारलं नाही. हीच म्हणाली, "गाडी आली ना? चला मैदानावर."

कॉलनीमागे मोठं मैदान आहे, सकाळी सहाला तिथे कोणी नसतं. तिने ती निळी बादली मधोमध ठेवली आणि बाजूला उभी राहून म्हणाली, "या. भोंगा वाजवायचा नाही. वळायचं."

मी आलो आणि बादलीवरूनच गेलो. पुन्हा ठेवली, पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा बादली उभी चिरली. इतक्या मेलेल्यांचं पाणी जिने वाहिलं ती बादली माझ्या चाकाखाली गेली आणि मी संतापून गाडीच्या सीटवर बुक्क्या मारल्या. "बादली आहे म्हणून होत नाही," मी म्हणालो. "खरं कोणी असतं तर वळलो असतो."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गुडघे गेलेली, अडुसष्ट वर्षांची बाई, पदर खोचून, माझ्याकडे तोंड करून. मी लांबून ओरडलो, वेडी झाली का, बाजूला हो. ती हलली नाही. हात वर करून तिने नुसतं बोलावलं.

पहिल्यांदा मी तिच्यापासून दोन हातांवर ब्रेक लावून थांबलो. ती रागावली. "थांबता तुम्हाला येतंच. पुन्हा या. जोरात या."

मी परत टोकाला गेलो. मूठ पिळली. गाडी नेहमीसारखी सुटली, गुणगुणत, आणि ती समोर मोठी मोठी होत गेली. ती हलत नव्हती. माझा अंगठा भोंग्यावर गेला. तिचा चेहरा दिसायला लागला, आणि त्यावर तेच होतं, जे मी तेहेतीस वर्षं काचेतून पाहिलं आणि मूर्खपणा समजलो. तिला वाटत होतं, मी वळेन.

मी अंगठा उचलला आणि हँडल फिरवलं.

तिचा पदर माझ्या हाताला घासला. मग जमीन वर आली. कोपर सोलवटलं, गुडघ्यातून रक्त आलं, गाडी आडवी पडून चाक फिरत राहिलं. मी मान वळवून पाहिलं. ती होती तिथेच उभी होती, अख्खी. मी जमिनीवर पडल्या पडल्या हसत सुटलो आणि मला थांबता येईना.

ती लंगडत आली. मला उठवायला वाकली तेव्हा तिच्या कमरेला खोचलेलं काहीतरी खाली पडलं. कडुलिंबाची डहाळी होती, ताजी, सकाळीच तोडलेली.

"ही कशाला आणलीस?"

तिचा आवाज अगदी शांत होता. "तुम्ही वळला नसतात, तर ही तुम्हाला लागली असती ना. मग काढून ठेवायला मी कुठली असणार?"

तिने डहाळी उचलून लांब फेकली, हाताला धरून मला उभं केलं, गाडी उचलायला मदत केली. मग पदर आवरला आणि मागे बसली.